पाचवा अंधार

स्वप्नाच्या वहीला दोन तोंडं होती. पुढून उघडली की पाणवनस्पतीचे बुडबुडे आणि मागून उघडली की अनुष्का. अनुष्का दहा महिन्यांची. तिने दूध कधी घेतलं, शी कधी केली, कुरकुरली कधी, सगळं मिनिटासकट लिहिलेलं. नवरा सिद्धेश म्हणायचा, पोरगी मोठी झाली की ही वही घेऊन आपल्याला कोर्टात उभं करणार. स्वप्ना त्यावर हसत नसे. मूल काय नि रोप काय, दोघंही बोलत नाहीत, मग लिहून ठेवण्यावाचून करायचं काय, असं तिचं म्हणणं.

एम.फिल.चा विषय तिने लग्नाआधी घेतला होता. उजेड एकसारखा न राहता ठरावीक तालात येत-जात राहिला, तर वनस्पती काय करते. लग्न आणि बाळंतपण यांत दोन मुदतवाढी संपल्या. मार्चअखेरपर्यंत आकडे आले नाहीत तर नाव रद्द, असं कॉलेजचं पत्र फ्रिजवर चिकटवलेलं होतं, आणि दूध काढताना दिवसातून सहा वेळा ते तिला वाचावं लागे.

प्रयोग तसा शाळेतल्यासारखाच. काचेच्या बरणीत पाणी, पाण्यात हायड्रिलाची फांदी, तिच्यावर उलटं नसराळं आणि नसराळ्यावर उपडी परीक्षानळी. उजेड पडला की फांदीच्या तुटक्या टोकातून प्राणवायूचे बुडबुडे निघतात, ते मोजायचे. तिने घरातच दोनशेचा बल्ब आणि आपोआप चालू-बंद होणारं बटण लावलं होतं. पण साल दोन हजार सहा, आणि उमेळ्यात रोज साडेचार तास भारनियमन, तेही वर्तमानपत्रात छापलेली वेळ सोडून उरलेल्या कुठल्याही वेळी. तीन आठवड्यांचे आकडे केरात गेले.

मग तिने सूर्य वापरायचं ठरवलं. बिल्डिंगच्या मागे फ्लॉसीआंटीची केळीची वाडी होती, बिल्डरला अजून न दिलेली. सकाळी अनुष्काला आंटीच सांभाळायच्या. त्यांच्या विहिरीच्या कठड्यावर आठ वाजता चांगलं ऊन यायचं. बुडबुडे मोजायला स्वप्नाला दोन्ही डोळे लागत, म्हणून बरणीवर चपलांचा खोका झाकायचं आणि उचलायचं काम आंटींकडे आलं. कडेवर अनुष्का, हातात खोका. पंधरा सेकंद उघडं, पंधरा सेकंद झाकलेलं, असं स्वप्नाने दोनदा समजावलं. स्टॉपवॉच अनुष्काने बादलीत बुडवलं होतं, म्हणून तिने सिद्धेशचं घड्याळ आणून देऊ केलं.

"घड्याळ नको, बाय," आंटी म्हणाल्या. "माझा अंदाज पक्का आहे."

आंटींचे ओठ हलत. एक ते पंधरा मोजतायत, असं स्वप्नाने धरून चाललं. खोका पडला की ती आकडा लिहायची, मान वर करून अनुष्काने तोंडात काही घातलं नाही ना ते बघायची, आणि ती कुरकुरली तर वही उलटून मोबाइलवरची वेळ पेनाने टिपायची. खोका उचलला की अनुष्का खिदळायची, तिच्या लेखी तो खेळच होता. आठ सकाळींत चारशे आकडे झाले.

मार्गदर्शक वसुंधरा मॅडमनी आलेख समोर धरला. दर पाचव्या अंधारानंतर बुडबुडे उशिरा सुरू होत होते. चार वेळा ठीक, पाचव्या वेळी खाली, आठही दिवस.

"अंधार सगळे सारखे, म्हणतेस. मग तुझ्या फांदीला पाचाचा पाढा येतो का?"

परीक्षक याला घरी बसून रचलेले आकडे म्हणतील, असं मॅडमनी शांतपणे सांगितलं. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर त्यांना सही करता येणार नव्हती.

स्वप्नाने ढगांवर संशय घेतला, केळीच्या पानांवर घेतला, विहिरीच्या पंपावर घेतला. यातलं काहीच पाच-पाचने येत नव्हतं. सिद्धेशने सुचवलं की दर पाचवा आकडा खोडून टाक, पेन्सिलनेच तर लिहिलेत. तिने खोडरबर शोधून टेबलावर ठेवलंसुद्धा. तेवढ्यात अनुष्काच्या दुधाची वेळ झाली म्हणून वही उलटी केली, तर समोर ओळीने आलं: कुरकुर, ८.०७. कुरकुर, ८.१०. कुरकुर, ८.१३.

तिने वही सुलट केली, उलट केली, पुन्हा सुलट केली. दर पाचव्या अंधारात अनुष्का कुरकुरली होती. फांदीचं आणि पोरीचं एकमत होतं, आणि मागची पानं शाईची होती. दोघींनाही पाचव्या वेळी कुणीतरी ताटकळत ठेवत होतं.

गुरुवारी सकाळी तिने बरणीकडे पाठ फिरवली आणि सिद्धेशचं घड्याळ घेऊन आंटींच्या तोंडाकडे बघत बसली. मग विचारलं, आंटी, मनात काय मोजता?

आंटी मोजत नव्हत्या, रोझरी म्हणत होत्या, जपमाळेवरची प्रार्थना, माळेशिवाय. एक नमो मरिया उघडं, एक झाकलेलं. दहा झाल्या की मोठा मणी येतो, तिथे ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना आणि पुढचं सगळं, तोवर खोका खालीच.

"ते सावकाश म्हणायचं असतं," त्या म्हणाल्या. "ते काय धावत म्हणतात?"

स्वप्नाने अडखळत विचारलं, की थोडे दिवस मोठा मणी सोडून नाही का चालणार. आंटींनी खोका कठड्यावर ठेवला.

"तुझ्या झाडासाठी मी बापाला वगळू?"

स्वप्नाने पूर्ण रोझरी होईपर्यंत घड्याळ लावलं. नमो मरिया चौदा सेकंदांची, पन्नासही वेळा, एक सेकंद इकडे-तिकडे नाही. पाचवा अंधार अठ्ठेचाळीस सेकंदांचा, पाचही वेळा.

शुक्रवारी तिने मॅडमपुढे वही दोन्ही बाजूंनी उघडून ठेवली आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. नाव रद्द झालं तर घरी काय सांगायचं, ते वाक्य तिने येताना तयार करून ठेवलं होतं. मॅडमनी आधी फांदी वाचली, मग अनुष्का वाचली.

"वेळेत चूक किती?"

"सेकंदाच्या आत."

"आपल्या विभागातल्या यंत्राची दोन सेकंद आहे," मॅडम म्हणाल्या आणि पंधराच्या जागी चौदा लिहिलं. अंधाराचे दोन रकाने करायला सांगितले, आखूड आणि लांब. लांब अंधारानंतर वनस्पती उशिरा कामाला लागते, हे तर दिसतच होतं. सही करून झाल्यावर म्हणाल्या, साधनांच्या यादीत त्या बाईंचं नाव घाल.

स्वप्नाने यादी टाइप करून आणली आणि आंटींना वाचून दाखवली. काचेची बरणी, नसराळं, परीक्षानळी, चपलांचा खोका, श्रीमती फ्लॉसी तुस्कानो. आंटींनी अनुष्काला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी खोक्याच्या खाली का?"

ते पान पुन्हा टाइप करावं लागलं.