अक्काचे हात आणि आत्याचा चिमटा

घड्याळांच्या नव्या कारखान्यात मुली भरणार आहेत आणि घेताना त्यांचे हात बघतात, ही बातमी शेजारच्या जमनाबाईंनी आणली. जमनाबाईंची बातमी साधारण अर्धी खरी असते. कुठली अर्धी, ते मागाहून कळतं.

"हात बघतात म्हणजे? भविष्य?" अण्णांनी विचारलं.

"मऊ आहेत का ते बघतात. घड्याळ नाजूक. खरखरीत हाताने धरलं तर मागे पडतं."

हे आमच्या घरात कुणालाही चुकीचं वाटलं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला, वसुमतीअक्काला, त्याच कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. नोकरी लागली तर अक्का इथेच, बेंगळुरात राहणार, नाही लागली तर धारवाडच्या काकांनी पाहिलेल्या मुलाला होकार द्यायचा, असं ठरलं होतं. मुलगा वाईट नव्हता. फक्त आमच्याकडे येऊन गेला तेव्हा दुपारभर तो स्वतःच्या पचनाबद्दल बोलला, आणि उठताना अक्काला म्हणाला, "तुमचं कसं असतं?" त्या दिवसापासून अक्का वर्तमानपत्र नोकऱ्यांच्या जाहिरातींपासून वाचायला लागली.

आई गेल्यापासून घर अंबूआत्याच्या ताब्यात होतं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. क्रीम विकत आणावं असं अण्णा चुकून बोलून गेले.

"नरसू," आत्या म्हणाली, "जे खाता येत नाही ते अंगाला लावू नये. आणि अंगाला जे लावलं ते ताटातून वजा."

दुसऱ्या दिवशी वरणावर तूप नव्हतं. तुपासाठी साठवलेली साय अक्काच्या मनगटापर्यंत गेली होती. दुपारी मसुरीची डाळ दुधात वाटून हातांना फासली, म्हणून संध्याकाळी आमटी पातळ. लिंबू आधी साराला पिळायचं, मग सालीवर साखर घालून अक्काच्या कोपरांना घासायचं, मग त्याच सालीने देवघरातली समई. त्या लिंबाला पेन्शन नव्हती एवढंच, बाकी अण्णांइतकीच त्याची नोकरी झाली होती.

प्रत्येक लेप आधी माझ्या डाव्या हाताला लावून बघत. "प्राण्याला पुरळ नाही आलं, म्हणजे कुणालाच येणार नाही," हे आत्याचं शास्त्र. उजव्या हाताने मी राखेने भांडी घासत होतो, कारण अक्काच्या हाताला पाणी लागू द्यायचं नव्हतं. आठवडाभरात माझे दोन हात दोन वेगळ्या घराण्यांतले दिसायला लागले.

तांदूळ निवडणंही माझ्याकडे आलं. मी तांदूळ निवडले म्हणजे त्यांच्याकडे पाहिलं. रात्री अण्णांच्या दाढेतून कडकन आवाज आला.

"अंबक्का, या पोराला खडा दिसत नाही."

"दिसतो रे. पण त्याला वाटतं, तोही घरातलाच."

आता डोळे अक्काचे हवेत, पण हात अक्काचे नकोत, असा पेच पडला. तांदळाच्या कोंड्याने हात कोरडे पडतात म्हणे. आत्या उठली. मग आत जाऊन तिने ट्रंक उघडली आणि एक बारीक पितळी चिमटा आणला. हा चिमटा घरात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आत्याच्या हनुवटीवर तीन केस येत, आणि ते येत नाहीत असं सगळ्यांनी मानलेलं होतं.

"स्वल्प जपून," आत्या अक्काला म्हणाली. "वाकडा झाला तर मला दाराबाहेर पडता येणार नाही."

अक्काला दुसरं कामच नव्हतं. ती तांदळातले खडे चिमट्याने उचलायला लागली. तांदूळ संपले तेव्हा मोहरी घेतली, मोहरीनंतर रव्यातले किडे. शेवटी शेवटी गुळाला लागलेली मुंगी ती अशी उचलायची आणि खिडकीत ठेवायची, की मुंगी थोडा वेळ तिथेच उभी राहून आपण आलो कशा याचा विचार करी.

मुलाखतीला मी सोबत गेलो. आमच्या शिवाजीनगरच्या बसस्टँडपर्यंत जमनाबाईंचं मांजरही आलं, ते सायीच्या वासाने. बसमध्ये अक्का हात पुढे धरून बसली होती. कंडक्टरला वाटलं, काहीतरी मागतेय. तिकिटं मी काढली.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मी झाडाखाली बसलो. बऱ्याच वेळाने अक्का आली.

"धुवायला लावले," ती म्हणाली.

"काय?"

"हात. साबणाने. आत गेल्या गेल्या. म्हणाले, तेलकट हात इथे चालत नाहीत."

आमच्या घरचं आठवड्याचं तूप मोरीतून वाहून गेलं होतं. मी मनातल्या मनात धारवाडच्या मुलाला भावोजी म्हणून पाहिलं. माझंही पोट जरा बिघडल्यासारखं वाटलं.

"मग?"

"मग एक चिमटा दिला. बशीत एवढेएवढे स्क्रू होते, ते भोकाभोकांत ठेवायचे होते. शेजारच्या मुलीचे तर उडून साहेबांच्या चहात गेले. माझं आधी झालं. एक स्क्रू तुटका होता, तो मी बशीच्या कडेला काढून ठेवला. खडा ठेवतो तसा."

"आणि साहेब?"

"भिंगातून बघत राहिले. हे कुठे शिकलात, म्हणाले. मी म्हटलं, आत्यांकडे. आत्या काय करतात, म्हणाले."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार. म्हटलं, बारीक काम करतात."

"मग?"

"म्हणाले, त्यांना नोकरी हवी असेल तर विचारा."

पंधरवड्याने अक्काला कारखान्याचं पत्र आलं. अण्णांनी धारवाडला कळवलं. तिकडून उत्तर आलं की मुलगाही जरा थांबायचंच म्हणतो आहे, सध्या पोट बरं नाही.

"बघितलंस," आत्या जमनाबाईंना म्हणाली, "सायीचा गुण."

मला वाटलं, आत्याला खरी गोष्ट कळलीच नाही. पण पुढच्या आठवड्यात कारखान्यात अर्ज केलेल्या गल्लीतल्या मुली आमच्या ओसरीवर रांगेत बसल्या. आत्या एकेकीच्या हाताला साय चोळत होती. साय ज्या त्या मुलीने घरून आणायची, आणि वाटीत उरेल ती वैद्याची, म्हणजे आत्याची. हात मुरले की समोर सूप यायचं आणि सोबत चिमटा. चिमटेही ज्याचे त्याचे.

"सरी, ठीक आहे," आत्या म्हणाली. "आता हात स्थिर होण्यासाठी हे तांदूळ निवडा. खडा इकडे, दाणा तिकडे."

आमच्या वरणावर तूप परत आलं. भातात खडा नाही. पितळी चिमटा ट्रंकेत आहे, आणि आठवड्यातून एकदा कारखान्यातून आल्यावर अक्का आत्याला उजेडाकडे तोंड करून बसवते, दार लावून घेते, आणि आत काय चाललंय हे आम्हा कुणालाच माहीत नसतं.