डिपर

हरसूलच्या पुढे एका फाट्यावर अंधार पडला की दिवा दिसतो, असं हर्षलच्या ऑफिसातला हिरामण सांगायचा. त्याचं गाव तिकडचंच. "दिसला तर गुमान निघून यायचं, लय शहाणपणा करायचा नाय," एवढंच तो म्हणाला होता. झालं. माझ्या नवऱ्याला तो दिवा बघायचाच होता, आणि माझा रविवार वाया जाणार होता.

दिवा खरंच दिसला. वळणावर, छातीएवढ्या उंचीवर, एकच, पिवळट. मोटरसायकल असेल, मी म्हटलं. पण इंजिनाचा आवाज नव्हता.

आता हर्षलची सवय अशी, की समोरून कोणीही येवो, हा आपला हेडलाइट मंद-प्रखर करून डिपर देणार. समोरचे देत नाहीत तर तू कशाला देतोस, हे सांगून मी थकले. त्याने दिलाच.

समोरचा दिवा मंद झाला. पुन्हा प्रखर झाला.

"बघ, शहरात देतं का कोणी?" हर्षल खूश झाला. त्याने गाडी कडेला घेऊन वाट दिली. शेजारून काहीच गेलं नाही. दिवा विझला होता आणि रस्ता रिकामा होता.

परतताना मी सारखी आरशात बघत होते. मागे नुसता काळोख.

इंदिरानगरला घरी पोचल्यावर पार्किंगमध्ये हर्षलने भिंतीसमोर गाडी लावली आणि हेडलाइट बंद केले. भिंतीवरचा उजेड गेला नाही. त्यात आमच्या दोघांच्या डोक्यांच्या सावल्या पडल्या होत्या.

मग तो उजेड मंद झाला. पुन्हा प्रखर झाला.