पाच दोषांचा लेथ

"हसायचं नाही," फाटकाची कडी काढता काढता बायकोने दम भरला. "मशीन दिसलं की तुमचा चेहरा फुलतो आणि समोरचा दहा हजार वाढवतो. तोंड पाडून उभं राहायचं."

"म्हणजे कसं?" पावसूतने विचारले.

"माझ्या भावाच्या लग्नात उभे होतात तसं."

पावसूतने तोंड पाडले. बायकोने ते दोन्ही बाजूंनी तपासले आणि मग त्याचे खिसेही तपासले. डाव्या खिशात पेन्सिल आणि जुने विजेचे बिल होते. ते तिने राहू दिले. उजव्या खिशातून पाना निघाला, डाव्या मोज्यातून स्क्रूड्रायव्हर. दोन्ही तिच्या पिशवीत गेले.

"आपण बघायला आलोय. हात लावायचा नाही. दोष दिसला की कागदावर मांडायचा. एका दोषाचे दोन हजार कमी. कळलं?"

"कळलं."

कारागीर लोक इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. त्याचाही चौथा हिस्सा म्हणजे पाव सूत, आणि या गृहस्थाला जगातली प्रत्येक वस्तू तेवढीच चुकलेली दिसे, म्हणून वर्कशॉपात सगळे त्याला पावसूत म्हणत. स्वतःच्या लग्नात नवरदेव सापडेना, तेव्हा तो हॉलच्या पंख्याखाली स्टुलावर उभा असलेला सापडला होता. दातांच्या डॉक्टरकडे आ करून बसलेला असताना ड्रिलचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" म्हणाला, उठला, ते नीट केले आणि पुन्हा आ करून बसला. डॉक्टरने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. दात मात्र घेतला.

चौतीस वर्षे तो दुसऱ्यांच्या लेथवर लोखंड सोलत आला होता. आता वर्कशॉपात संगणकाची मशीन्स आली होती. पावसूतला एक खुर्ची मिळाली होती आणि एक हिरवे बटण. दिवा लागला की बटण दाबायचे. वर्षभरात त्याचे वजन चार किलो वाढले होते आणि बोलणे निम्म्यावर आले होते. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःच्या लेथसाठी त्याने सिमेंटचा चौथरा बांधून ठेवला होता, त्याला सहा वर्षे झाली. त्या चौथऱ्यावर मांजर दोनदा व्याली होती. लेथ काही आला नव्हता. एक हातचा गेला, एक परवडला नाही. हा तिसरा. बायकोच्या पिशवीत दोघांची सगळी शिल्लक होती, साठ हजार. तिचा इरादा अठ्ठेचाळीसला गाठ मारायचा होता.

लेथच्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचे यजमान पंप दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना पंपवाल्या वहिनी म्हणत. यजमान जाऊन दोन वर्षे झाली होती. वहिनींचा आवाज मात्र अजून पंपाच्या खडखडाटावर मात करायच्या बेताने लावलेला होता.

"या! तो बघा, शेडमध्ये. ओरडतो मेला, आधीच सांगते. मागनं म्हणू नका सांगितलं नाही. भंगारवाला वजनावर बेचाळीस देतोय. चार वाजता गॅसकटर घेऊन येतोय, इथंच तुकडे करून नेणार. चालवणारा माणूस नेणार असेल तर पंचावन्न. बोला."

"आधी बघू तर द्या, वहिनी," बायको गोड आवाजात म्हणाली.

वहिनींनी बटण दाबले. लेथ असा किंचाळला की पत्र्यावरची कबुतरे उडाली ती, म्हणतात, दुसऱ्या गावाला जाऊन बसली. शेजारच्या म्हातारीची खिडकी धाडकन लागली. बायकोचे डोळे आनंदाने चमकले. "एक," ती नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

वहिनींनी मशीन बंद केले. "चला ताई, आपण चहा घेऊ. यांना बघू दे सावकाश."

जाताना बायकोने नवऱ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्याने साधारण माणूस जागच्या जागी दगड झाला असता. पावसूतही झाला. पाच मिनिटे.

त्या पाच मिनिटांत त्याने अगदी प्रामाणिकपणे कागदावर पाच ओळी लिहिल्या. पट्टा ढिला. बेअरिंग ओरडते. हत्यार आडवे सरकवायच्या मुठीत खेळ, सैल. मागचा ठोकळा मध्यावर नाही. चौथा पाय अधांतरी, मशीन डुलते. पाच दोष, दहा हजार. बायको खूश होणार होती. पावसूतने हात पाठीमागे बांधले आणि समोर बघत उभा राहिला.

समोर भिंत होती, आणि घात भिंतीनेच केला. तिच्यावर पंपवाल्यांची हत्यारे टांगलेली होती. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचा आकार रंगाने काढलेला. सतराचा पाना सतराच्या खिळ्याला, चौदाचा चौदाच्या. दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता, तरी एकावरही गंज नाही. जाताना तो माणूस सगळ्यांना तेल लावून गेला होता. पावसूत पाना बघत राहिला. पाना पावसूतला बघत राहिला.

"नुसता पट्टा," पावसूत स्वतःशी म्हणाला. "पट्टा ताणला म्हणजे काही हात लावला असं होत नाही."

पट्टा ताणला. आता पट्टा ताणलाच आहे तर बेअरिंगचा नट अर्धा आटा कसायला काय हरकत? नट कसला तर तेल घालावेच लागते, नाहीतर पाप लागते. तेल घातले. मग मुठीतला खेळ काढला. मागचा ठोकळा मध्यावर आणला. पत्र्याचा तुकडा दुमडून चौथ्या पायाखाली सारला. आणि चौतीस वर्षांची सवय अशी, की एक काम झाले की पेन्सिलीने ती ओळ खोडायची. पावसूतने एकेक ओळ खोडली, अगदी पट्टी लावल्यासारखी सरळ.

मग त्याने बटण दाबले.

स्वयंपाकघरात तोपर्यंत बायकोने गल्ली किती अरुंद आहे, टेम्पो आत कसा येणार नाही आणि जुने लोखंड हल्ली कोण विचारतो, असा सगळा पाया घालून ठेवला होता. वहिनी कप तोंडाशी नेता नेता थांबल्या.

"लेथ चालू केला का हो त्यांनी?"

"छे, आवाज कुठे येतोय?"

"तेच तर म्हणते," वहिनी म्हणाल्या. कप बशीत ठेवला आणि उठल्याच.

शेडमधून एक बारीक, एकसारखी गुणगुण येत होती, पोट भरलेले मूल स्वतःशीच करते तशी. वहिनी दारात उभ्या राहिल्या. मागून बायको आली. लेथपाशी पावसूत उभा होता. कोपरापर्यंत काळा, आणि चेहरा असा फुललेला, की दहा काय, वीस हजार वाढावेत.

"अगं बाई," वहिनी हळूच म्हणाल्या. एवढ्या हळू त्या बोलू शकतात हे शेजारच्या म्हातारीलाही माहीत नव्हते. "हा असा वाजायचा पहिल्यांदा. नंतर यांचे हात थरथरायला लागले आणि..." पुढचे त्यांनी गिळले आणि आवाज पुन्हा जागेवर आणला. "ऐंशी हजार!"

"काय?" बायको ओरडली.

"मघाशी ओरडणारा होता तो पंचावन्न. गाणारा ऐंशी."

"असं कसं? पाच दोष आहेत त्याच्यात! अहो, दाखवा तो कागद." बायकोने कागद ओढून घेतला. बघितला. उलटा करून बघितला. विजेच्या बिलाची बाजू बघितली. "हे काय?"

"झाली ना कामं," पावसूत म्हणाला. "म्हणून खोडली."

बायकोने डोळे मिटले. उघडले, तेव्हा त्यांत नवरा नव्हता, फक्त वहिनी होत्या.

"हे नीट कुणी केलं? आमच्या माणसानं. त्याची मजुरी पंचवीस हजार. ऐंशीतनं वजा करा. झाले पंचावन्न."

"मी सांगितलं होतं का करायला? घर बघायला आलेल्यानं भिंतीला रंग मारला म्हणून घर स्वस्त होतं का, ताई?"

"बरं! मग होतं तसं करून ठेवतो. अहो, बिघडवा तो."

पावसूतचा चेहरा पांढरा पडला. जिथे तेल नव्हते तिथला.

"बिघडवा म्हणते ना! पट्टा ढिला करा, तो नट सोडा. पंचावन्नला ओरडणाराच नेऊ आपण. घरी नेऊन करा काय ते."

बोलणे अगदी बिनतोड होते. पावसूतने पाना उचलला, नटाला लावला आणि जोर केला. निदान त्याला तरी वाटले की केला. पाना हलेना. कपाळावर घाम आला. त्याने हात बदलला. ज्या मनगटाने एकदा ट्रकचे गंजलेले चाक सोडवले होते, ते मनगट त्या नटापुढे लोण्यासारखे झाले.

"नाही होत गं," तो शेवटी म्हणाला. "हात जात नाही."

वहिनी हसायला लागल्या. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आमचे हे असेच! एकदा चोर पंप चोरायला आला, तर त्याला म्हणाले, थांब, वॉशर बदलून देतो, नाहीतर तुला त्रास देईल!"

"आणि मग?" बायकोला हसू आवरेना.

"मग काय, चोर पुढे दोन वर्षं गिऱ्हाईक होता आमचा!"

दोघी हसल्या खऱ्या, पण हसता हसताही भाव सोडला नाही. ऐंशीचे सत्तर झाले, पंचावन्नचे साठ झाले. मग वहिनी पासष्टावर आल्या आणि तिथे पाय रोवून उभ्या राहिल्या. "आता असा वाजणारा लेथ कुणीही पासष्टला नेईल. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवते. आणखी चार लोकांना दाखवीन म्हणते, घाई कसली?"

बायकोची पिशवी साठावर संपत होती. पावसूतला कळून चुकले, की आपण आपल्या हातांनी आपला लेथ आपल्याला परवडेनासा करून ठेवला. तो हात पुसू लागला.

"अहो," बायकोने शेवटचा प्रयत्न केला, "तुमच्या तावडीतून एखादा तरी दोष सुटलाय का?"

पावसूतने विचार केला. दुरुस्तीच्या नादात तो एक तपासणी विसरलाच होता. लेथचा लांब ओतीव कणा म्हणजे बीड; त्याच्या पाठीवर हत्यार धरणारा गाडा मागे-पुढे सरकतो. त्याने मशीन बंद केले, गाडा पुढे, काम पकडून फिरवणाऱ्या चकाजवळ आणला, तिथे जेमतेम सरकेल इतपत आवळला आणि मागे ढकलला. वीतभर गेला आणि गच्च बसला.

"आहे," तो म्हणाला. "मोठा आहे. पुढच्या बाजूला बीड झिजलंय. हे इथं होणारं काम नाही. मोठ्या कारखान्यात नेऊन घासून आणावं लागतं. वीस हजार कुठंच गेले नाहीत."

"वीस!" बायकोने वहिनींकडे अशा नजरेने पाहिले की आता लेथ फुकटच मिळायचा बाकी होता.

"मला दाखवा," वहिनी म्हणाल्या. "मला काही दिसत नाही."

"दिसणार नाही. बोट द्या. इथून, मागच्या टोकापासून. डोळे मिटा वाटल्यास. या आता हळूहळू पुढं."

वहिनींचे बोट थंड लोखंडावरून सरकत आले. चकापासून वीतभर अलीकडे ते थांबले.

"इथं खाली जातंय."

"चार कागद ठेवले तर भरून निघेल, एवढंच."

"कशानं झालं?"

"पंपाची कामं लहान असतात ना, वहिनी. बुश, शाफ्टचं टोक. सगळी चकाजवळच होतात. गाडा रोज एवढ्याच जागेत पुढं-मागं. किती वर्षं होते ते इथं?"

"एकतीस."

"मग एकतीस वर्षांचं आहे ते."

वहिनींचे बोट मागे गेले, पुन्हा त्या खळग्यात उतरले. मग त्या सरळ उभ्या राहून, व्यवहाराच्या आवाजात म्हणाल्या, "खोटं नाही बोलणार. मला माहीत नव्हतं. याचे किती कमी करायचे, बोला."

बायकोने श्वास रोखला. पावसूतने लेथकडे बघितले, मग भिंतीवरच्या हत्यारांकडे.

"याचे कमी होत नाहीत," तो म्हणाला.

"अहो!"

"नाही होत गं. बाकीचे दोष होते. हा दोष नाही, ही चाल आहे मशीनची. तेवढं माझा हात सांभाळून घेईल."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. ही बाई अशी, की तिने म्हणे दवाखान्यात बाळंतपणाच्या बिलावर घासाघीस करून एक दिवस जास्त राहून घेतले होते. तिने पिशवीतून साठ हजारांची गड्डी काढून लेथच्या मागच्या ठोकळ्यावर ठेवली. मग पिशवीत खोल हात घालून, अस्तराची शिवण दाताने उसवून, एक रुमालात बांधलेली पुडी काढली. पावसूतने ती पुडी लग्नानंतरच्या तीस वर्षांत कधी पाहिली नव्हती.

"हे काय?"

"तुम्हाला काय करायचंय?" बायको म्हणाली आणि मोजून पाच हजार वर ठेवले. "घ्या वहिनी, पासष्ट. बघून घ्या."

वहिनींनी नोटांकडे बघितलेही नाही. "भाऊ," त्या म्हणाल्या, "न्यायच्या आधी एकदा चालू करता?"

पावसूतने सगळ्यांत हळू वेग लावला आणि बटण दाबले. काम काहीच बांधलेले नव्हते. चक नुसताच फिरू लागला, ती बारीक गुणगुण शेडभर पसरली, आणि वहिनींनी पुन्हा ते बोट त्या जागेवर नेऊन टेकवले. चालत्या मशीनवर हात ठेवणाऱ्याला पावसूतने आजवर कधी सोडले नव्हते. एकदा खुद्द मालकालाही तो यावरून बोलला होता. आज तो काही बोलला नाही. फक्त पुढे सरकला आणि फिरणाऱ्या चकाच्या व त्यांच्या बाहीच्या मध्ये आपला काळा हात आडवा धरून उभा राहिला, त्यांचे होईपर्यंत.