दोन, दोन, एक

मित्रांनो, माझ्या पोटावर डाव्या अंगाला वीतभर लांबीचा एक तडा आहे. तो सरसाने भरलेला आहे, तरी बोट फिरवले की हाताला लागतो. हा तडा पडला तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस होता असे मी पुष्कळ वर्षे समजत होते. आता तसे वाटत नाही. मी अल्जीरियातल्या ओरान शहरातली एक म्हातारी गिटार आहे, आणि म्हाताऱ्यांची मते बदलतात.

मला विसेन्ते नावाच्या सुताराने घडवले. सीदी एल होआरी या जुन्या वस्तीच्या उतारावर त्याचे दुकान होते. दिवसभर तो दारे-खिडक्या करी आणि संध्याकाळी गिटारी. माझी पाठ सरूच्या लाकडाची. माझ्या मानेवर एकोणीस पडदे बसवायला, म्हणजे त्या आडव्या धातूच्या पट्ट्या ठोकायला, त्याने आठ दिवस घेतले. तार कोणत्या पडद्यापाशी दाबली यावर सूर ठरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा मापे घेई. त्याची बायको रेमेदिओस दारात उभी राहून म्हणे, "अहो, आपलं लग्नसुद्धा एवढ्या वेळात उरकलं होतं!"

"लग्न थोडं वाकडं झालं तर निभतं गं," विसेन्ते मान वर न करता म्हणे. "पडदा केसभर सरकला तर गाणं जन्मभर लंगडतं."

त्याने मला तिच्यासाठीच केले होते. तिने मला अंगणात वाजवले, सणासुदीला वाजवले, शेजारणी वाटाणे सोलत बसल्या असताना वाजवले. लोक तिला सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणत; आणि म्हणत, "सेन्योराच्या गिटारीत समुद्र आहे." ते माझे सुखाचे दिवस होते. मग विसेन्ते छातीच्या दुखण्याने गेला. पुढे देश फ्रेंचांच्या राज्यातून स्वतंत्र झाला आणि गल्लीतली सगळी स्पॅनिश घरे ट्रंका बांधून बोटींवर चढली. रेमेदिओसची बहीण तिचा हात ओढत होती. "चल ना, वेडे! इथे आता कोण आहे तुझं?"

"नवऱ्याची कबर ट्रंकेत मावत नाही," रेमेदिओस म्हणाली आणि राहिली.

ती राहिली, पण तिने मला हात लावला नाही. नऊ वर्षे मी खिळ्याला टांगलेली होते. तारा सैल पडल्या. माझ्या पोटात एका कोळ्याने संसार मांडला, आणि खरे सांगते, त्याचीही सोबत वाटे.

आमच्या वरच्या मजल्यावर मिलूद राहत; सगळे त्यांना आदराने 'सी मिलूद' म्हणत. ते ऊद वाजवत. ऊद म्हणजे गरगरीत पोटाचे, आखूड मानेचे वाद्य, आणि त्याच्या मानेवर एकही पडदा नसतो. ओरानमधले लग्न सी मिलूदांच्या ऊदाशिवाय आणि गळ्याशिवाय पुरे होत नसे. जीभही तशीच धारदार. रेमेदिओसच्या खिडकीतून मी दिसले की ते जिन्यातच थांबत.

"सेन्योरा, या बाईला एकोणीस कुंपणं का घातलीत? पळून जाते की काय?"

"तुमच्या ऊदाला कुंपण नाही, म्हणून तर तो मोकाट गुरासारखा हंबरतो," सेन्योरा म्हणे, आणि दोघेही खूश होऊन आपापल्या घरी जात.

त्यांची एकुलती एक मुलगी झुलीखा. ती लग्नाचे झगे शिवायची. मणी, टिकल्या, जर, सगळे हाताने. आईविना वाढलेली. लहानपणी तिने बापाकडे ऊद शिकवा म्हणून हट्ट धरला होता. "ऊद कुणी शिकवत नसतो," ते म्हणाले होते. "तो ज्याचा त्याने चोरायचा असतो. आणि माझ्याकडून चोरायला अजून कुणी जन्मलेलं नाही." तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सुई घेऊन दाराआड बसायची आणि ऐकायची.

एका सकाळी कॉफी पिताना सी मिलूदांच्या हातातला पेला निसटला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणे गेले. सगळ्या भाषेतून एकच शब्द त्यांच्यापाशी उरला, तो म्हणजे "मग".

"बाबा, कॉफी देऊ?"

"मग."

"खिडकी उघडू?"

"मग."

"मी कोण आहे, बाबा? माझं नाव सांगा ना."

त्यांचे ओठ थरथरत, कपाळावर घाम येई, आणि शेवटी येई ते "मग."

पहिल्या महिन्यात त्यांचे साथीदार रोज येत. दुसऱ्या महिन्यात शुक्रवारी येऊ लागले. नंतर शुक्रवारही चुकू लागले. लोक वाईट नव्हते, मित्रांनो. न बोलणाऱ्या माणसासमोर किती वेळ बसायचे, ते कुणाला समजत नाही.

मग एके दुपारी खालून लग्नाची वरात गेली. झुलीखा झग्याला मणी लावत होती. तिला मागून आवाज आला, अस्पष्ट, घोगरा. बाबा खिडकीकडे तोंड करून वरातीच्या गाण्यावर गुणगुणत होते, आणि त्या गुणगुणण्यात दोन धड शब्द होते! सुई तिच्या बोटात रुतली. तिने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "असं होतं कधी कधी. बोलणं जातं, गाणं राहतं. गाऊन पाहा त्यांच्याबरोबर."

तिने गाऊन पाहिले. पण तिचा गळा बेसूर, आणि सी मिलूदांना बेसूर कधीच सोसत नसे. ते भिंतीकडे तोंड फिरवत. साथीदारांना तिने निरोप धाडले. ते "येतो" म्हणाले. ऊदाला हात लावायला गेली तर बाबा डाव्या हाताने तो छातीशी ओढून घेत. शेवटी ती जिना उतरून खाली आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सेन्योरा, ही शिकवा मला."

"कशासाठी?"

"बाबांचं एक गाणं वाजवायचंय. एकच."

"गाऊन दाखव." झुलीखाने भीत भीत गायले. सी मिलूदांनी स्वतः बांधलेले लग्नगीत होते ते, 'दार उघड, समुद्र आलाय भेटीला'. सेन्योरा हसली. "अगं, हे तर सरळ दो-रे-मी आहे."

"बाबा याला अजम म्हणतात."

"म्हणू देत. सूर तेच आहेत. ये, बस."

नऊ वर्षांनी मला खिळ्यावरून काढले. कोळी गेला, नव्या तारा आल्या. नुसत्या ताराच नव्हेत, मित्रांनो, माझ्यात जीवही आला.

सेन्योराने पहिले आठ दिवस गाणे शिकवलेच नाही. एकच तार, आणि त्या तारेवर दो, रे, मी, फा, म्हणजे तुमचे सा, रे, ग, म, असे चालायचे. "तिसऱ्या पडद्यावर बोट ठेव. हा दो. दोन पडदे पुढे, रे. आणखी दोन पुढे, मी. आता फक्त एक, फा. मग दोन, सोल. दोन, ला. दोन, सी. आणि एक. पोहोचलीस पुन्हा दो वर."

झुलीखा 'मी'नंतर हटकून दोन पडदे जाई आणि सूर तिरपा लागे.

"तिथे उंबरठा आहे, पोरी! उंबरठ्यावर धावायचं नसतं. एकच पाऊल."

"सगळीकडे दोन दोन का नाहीत?"

"तुझ्या झग्याला बाहीपाशी चुणी का घालतेस?"

"नाहीतर हात वर होणार नाही."

"झालं तर मग."

दुसऱ्या दिवशी झुलीखा शिंप्याचा खडू घेऊन आली आणि तिने माझ्या मानेवर खुणा केल्या. दोन, दोन, एक. दोन, दोन, दोन, एक. मला गुदगुल्या झाल्या. हळूहळू ती एका तारेवरून तीन-चार तारांवर उतरली, म्हणजे हात फार न हलवता तेच आठ सूर शेजारी शेजारी सापडू लागले. तिच्या उजव्या हाताची बोटे सुईने टणक झालेली होती, डाव्याची मऊ होती. त्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. झगे द्यायला उशीर होऊ लागला. नवऱ्यामुलींच्या आया दारात येऊन बोलून जात. तिने ऐकून घेतले.

अडीच महिन्यांनी तिने मला वर नेले. सी मिलूदांनी मला पाहिले मात्र, त्यांची भुवई चढली. कुंपणवाली बाई घरात! तरीही झुलीखाने पलंगाच्या कडेला त्यांच्यासमोर बसून गाणे सुरू केले. त्यांनी डोळे मिटले. पहिल्या ओळीला ओठ हलले. दुसऱ्या ओळीला गाणे वर चढते. तिथे त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. ओरानच्या हजार लग्नांत चढलेला गळा, आणि आता मुलीसमोर ही गत. "मग! मग! मग!" ते ओरडले आणि डाव्या हाताने त्यांनी मला पलंगावरून लोटून दिले.

मी फरशीवर आपटले. तो हाच तडा.

झुलीखा इतक्या वर्षांत बापाला उलटून बोलली नव्हती. ती उभी राहिली. "तुम्ही मला ऊद शिकवला असतात तर आज ही वेळ आली असती का? एवढं होतं तुमच्याजवळ, आणि एक सूर दिला नाहीत मला! एक!"

त्यांनी तिच्याकडे पाहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. "मग," ते हळूच म्हणाले.

सेन्योराने विसेन्तेच्या जुन्या डब्यातला सरस तापवला आणि मला सांधले. झुलीखा समोर बसून रडत होती. "मी नीटच वाजवलं होतं. एकही सूर चुकला नव्हता."

"सूर नाही चुकला. जागा चुकली. त्याचा आवाज खाली उतरलाय. गाणं खाली आण."

"खाली कुठे? दो तर तिसऱ्या पडद्यावर आहे ना, पाचव्या तारेवर!"

सेन्योराने कपाळावर हात मारला. "अडीच महिने मी काय भिंतीला शिकवत होते? कागदी बेतणी असते ना तुझी, ती कापडाच्या एकाच कोपऱ्यावर ठेवतेस का?"

"नाही. कुठेही ठेवता येते."

"मग ही पावलंसुद्धा बेतणीच आहेत. जिथे उभी राहशील, तिथे तुझं घर. तिथून दोन, दोन, एक."

 झुलीखाचे डोळे माझ्या मानेवर खालीवर फिरू लागले, आणि मला समजले की आता ती खडूच्या खुणा पाहत नाही. पण उभे कुठे राहायचे? ते तिला बापानेच सांगितले. दिवसातून शंभरदा ते "मग" म्हणत, आणि दर वेळी एकाच सुरात. तिने मला मांडीवर घेऊन तो सूर शोधला. सर्वांत जाड तार, तिसरा पडदा. सोल. तिथे तिने नवे घर मांडले.

शुक्रवारी जेवणे आटोपल्यावर ती बापाच्या शेजारी बसली, समोर नाही. गाणे वाजवले नाही. नुसती पायरी पायरी चढू लागली. सोल, ला, सी, उंबरठा, दो, रे, मी... सी मिलूद भिंतीकडे तोंड करून पडले होते. सातव्या सुरावर तिचे बोट सवयीने चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर गेले, रोजच्या 'फा'वर. सूर पडला. ती थबकली.

सी मिलूदांनी मान वळवली. त्यांनी डावा हात उचलला आणि अंगठा वर केला. वर. आणखी वर.

झुलीखाने मोजले. 'मी' दुसऱ्या पडद्यावर; तिथून दोन म्हणजे चौथा. तिने बोट एक पडदा सरकवले आणि तार छेडली. सी मिलूदांनी डोळे मिटून मान हलवली. हां. जन्मात कुणाला न शिकवलेल्या माणसाने दिलेला तो पहिला धडा. झुलीखाने तोच सूर पुन्हा एकदा छेडला.

मग तिने गाणे धरले. सी मिलूद गाऊ लागले; आवाज घोगरा होता, पण फाटला नाही. शब्द एकामागून एक येत गेले. त्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीत नवरीचे नाव घालायची रीत आहे. ज्या घरचे लग्न, त्या घरच्या मुलीचे. सी मिलूद तिथवर आले, श्वास घेतला, आणि गायले,

"दार उघड, झुलीखा..."

आठ महिन्यांनी. जिन्यात सेन्योरा सूपाचे भांडे घेऊन उभी होती. ती तिथेच पायरीवर बसली. गाणे संपल्यावर झुलीखाने नाक पुसत विचारले, "बाबा, कॉफी?"

"मग," सी मिलूद म्हणाले, आणि तिघेही हसले.

बोलणे परत आले नाही. पण पुढची तीन वर्षे रोज दुपारी आमचे गाणे होई. साथीदारही पुन्हा येऊ लागले. आता बसून काय करायचे ते त्यांना समजले होते. आवाज आणखी उतरला तेव्हा झुलीखाने घर हलवले, सोलवरून फावर. शेवटच्या हिवाळ्यात तो आवाज 'मी'वर आला. माझी सर्वांत जाड तार मोकळी सोडली की 'मी' हा सूर वाजतो. त्याखाली माझ्यापाशी काही नाही. झुलीखाला ते माहीत होते, मलाही. जानेवारीतल्या एका दुपारी ती गाण्याची वाट पाहत त्या तारेवर अंगठा ठेवून बसली होती. ते गायले नाहीत, आणि पुन्हा कधीच नाही.

सेन्योराने डोळे मिटण्याआधी मला झुलीखाच्या हवाली केले. झुलीखाने वस्तीतल्या कितीतरी मुलींना माझ्यावर पहिली पावले टाकायला शिकवली, आणि मागेल त्याला शिकवले. आता तिच्या बोटांना संधिवात आहे. वस्तीच्या सभागृहात नव्या गिटारी आल्या आहेत, चकचकीत. मी तिथल्या भिंतीवर असते. समुद्राची दमट हवा लागून माझे पडदे काळवंडले आहेत. कधी कुणी धूळ पुसते, कधी विसरते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे वाद्य असेल तर ते उन्हात ठेवू नका, दमट भिंतीला टेकवू नका, आणि जपायचे म्हणून पेटीत कोंडू नका. पेटीत लाकूड टिकते, आवाज मरतो. आणि घरात कुणी गप्प झालेले माणूस असेल, तर त्याला आपल्या सुरात ओढू नका. त्याच्याजवळ बसा. तो कुठे उभा आहे ते कान देऊन ऐका, आणि तिथून मोजायला लागा.