करार वाढवू या

मंदाकिनीकाकूंच्या घरात कधी काही फुटत नसे. बांगडी 'वाढे', नारळ 'वाढे'. दिवासुद्धा विझत नसे, 'शांत' होई. वर्तकनगरातल्या या घरमालकिणीच्या तोंडून अशुभ शब्द म्हणून कुणी ऐकला नव्हता. भाडेकरूला हाकलतानाही नाही.

त्यामुळे दिवेलागणीला काकू दारात उभ्या दिसल्या, तेव्हा त्यांची भाडेकरू समीक्षा सावध झाली. गॅलरीत तिच्या समृद्धीची दुपटी वाळत होती आणि दुपट्यांनी सोसायटीची शोभा जाते, हे काकूंचं मत जिन्याच्या तळापर्यंत पोचलं होतं. दुसरीकडे घर बघायला गेलं, की लोक आधी विचारत, "लहान बाळ आहे का?" जणू बाळ नव्हे, वाळवी.

काकू साखरेसारख्या हसल्या. "समीक्षा, अकरा महिने होत आले गं. म्हटलं, आता आपला करार वाढवू या."

समीक्षाला कळलं. वाणी रात्री दुकान बंद करताना 'वाढवतो', तसा. तेवढ्यात समृद्धी रांगत आली आणि काकूंच्या निऱ्या धरून चक्क उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

समीक्षाने लेकीकडे पाहिलं आणि ठरवलं, वाढवणं म्हणजे वाढवणंच; आपल्याला मराठी एवढीच येते.

"अय्या, खरंच काकू?" तिने आत नवऱ्याला हाक मारली, "अरे विनीत, काकू करार वाढवतायत! पोपटला बोलव, खालीच असेल."

पोपट एजंट भाडेकरार नोंदवायचं अंगठ्याचं मशीन घेऊन हजर झाला. एजंटच तो.

"अगं, वाढवू म्हणजे तसं नव्हे..." काकू चाचरल्या.

"मग कसं, काकू?" समीक्षाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि समृद्धीला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं.

"मॅडम, एकच सांगा," पोपट म्हणाला. "वाढवायचा का मोडायचा?"

"अरे, तिन्हीसांजेला, मांडीवर लेकरू असताना, असलं बोलतात का?" काकू कडाडल्या.

"म्हणजे वाढवायचाच. अंगठा द्या."

काकूंनी देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे पाहिलं, मांडीवरच्या बोळक्या हसण्याकडे पाहिलं आणि अंगठा टेकवला. त्याच क्षणी समृद्धीने त्यांच्या हाताला जोराचा हिसका दिला. मनगट मशीनवर आपटलं, कट्कन आवाज झाला.

"अगंबाई!" समीक्षा हळहळली. "काकू, बांगडी वाढली."

"फुटली," काकू दात आवळून म्हणाल्या. "फुटली म्हण."