लिंडग्राटचे जुने मालक

उर्वीचा किल्ला माझ्या गॅरेजमध्ये तयार झाला. तिच्या अपार्टमेंटला अंगण नव्हतं आणि बाल्कनीत माती आणलेली मॅनेजरला चालत नव्हती. पार्सिपनीच्या रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवतो. मुलं मला संजीवआजोबा म्हणतात. दिवाळीत आमच्याकडे किल्ल्यांची स्पर्धा असते. प्लायवूडच्या फळीवर मातीचा किल्ला करायचा आणि त्याची माहिती मराठीत सांगायची: कोणी बांधला, नंतर कोणाकोणाच्या ताब्यात गेला.

बाकीच्या मुलांपैकी कोणी प्रतापगड घेतला, कोणी सिंधुदुर्ग. उर्वीने घेतला लिंडग्राट. तो आल्प्समध्ये आहे, आता तिथे हॉटेल आहे, आणि उन्हाळ्यात ती आईबाबांबरोबर तिथे राहून आली होती. जिन्यात जुन्या मालकांच्या नावांची पाटी होती. त्या पाटीचा फोटो तिने काढून आणला होता.

स्पर्धेचं सगळं रेखाताई बघतात. त्यांनी फोन करून मला विचारलं, की हॉटेलचा कसला किल्ला करायचा, मग आपले गड मुलांना कधी कळणार? मी म्हटलं, अकरा वर्षांची पोर आहे, वर्गात कायम इंग्रजीत उत्तरं देते, आता पहिल्यांदा मराठीत काही सांगू म्हणते आहे. त्या मग म्हणाल्या, ठीक आहे, पण माहिती पाठ हवी.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. उर्वीचे बाबा देवांग यांना दूरच्या नोव्हाय शहरात गाड्यांच्या कंपनीत नोकरी मिळाली होती आणि दिवाळीनंतर घर हलवायचं होतं. जर्सी सिटी सोडून इथे येऊन, इथल्या मैत्रिणी करून तिला फार दिवस झाले नव्हते. तेव्हाही तिला कोणी विचारलं नव्हतं, आताही नाही. घरी विषय निघाला की ती उठून खोलीत जायची. माती भिजवताना ती मला म्हणाली, "बाबा कॉम्पिटिशनला येणार आहेत. तिथे त्यांना मध्येच फोन घेता येणार नाही."

ती एका जागी बसत नव्हती. बुरूज बांधायची, पुसायची, परत बांधायची. उतारावर मोहरी पेरली, शिखरावर बर्फ म्हणून तांदळाची पिठी टाकली, आणि मोहरी उगवली की नाही ते बघायला रोज शाळा सुटली की यायची. मी तिच्याकडून माहिती म्हणून घेत होतो. पहिला मालक घाटात जकात घेणारा सरदार. त्याच्या नातवाने किल्ला बिशपला देऊन टाकला. मग चांदीच्या खाणींचा व्यापारी आला. मग नन्स आल्या, त्यांनी शाळा काढली. युद्धात तिथे जखमी सैनिकांना ठेवलं. पुढे बिअर बनवणारं एक कुटुंब आलं. त्यातली शेवटची म्हातारी वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि खालच्या खोल्या प्रवाशांना द्यायची. तिच्यानंतर हॉटेलची कंपनी.

प्रत्येक नावाला उर्वीचा एकच प्रश्न: मग तो कुठे गेला? पाटीवर फक्त कोण आलं ते होतं. मला माहीत नाही, असं मी दर वेळी सांगायचो, आणि ते तिला पटत नव्हतं.

शाळेने प्रत्येकाला पुण्याहून आणलेली मातीची चित्रं, म्हणजे छोटे पुतळे, दिली होती: मावळे, वाणी, गवळण. बाकीच्यांनी मावळे तटावर पहाऱ्याला उभे केले. उर्वीने सगळी चित्रं वळणावळणाच्या रस्त्यावर ओळीने लावली, किल्ल्याकडे पाठ करून. वरचं सिंहासन रिकामं ठेवलं.

स्पर्धेच्या दिवशी देवांग नोव्हायला घर बघून सकाळच्या विमानाने परतणार होते. विमानाला उशीर झाला. उर्वी आणि तिची आई इला हॉलच्या दाराशी येरझाऱ्या घालत राहिल्या. मी पोरांच्या रांगा लावत होतो. नाव पुकारलं गेलं तेव्हा देवांग बॅग ओढत आत शिरत होते.

उर्वी किल्ल्याशी आली आणि थांबली. सगळी चित्रं तोंडं फिरवून किल्ल्याकडे बघत होती.

"गाडीत हलली असतील गं," रेखाताई मायेने म्हणाल्या. "उलटी झाली होती सगळी. मी नीट लावली."

"याच्यावर तोफ नाही, वायफाय आहे," मागून वर्गातला अमेय म्हणाला आणि मुलं हसली.

उर्वीचा चेहरा पडला. ती आता इंग्रजीत काहीतरी बोलून पळून जाईल असं मला वाटलं. तिने दाराकडे पाहिलं. देवांगच्या हातात फोन होता. इलाने तो काढून घेतला.

"ती उलटी नव्हती, काकू," उर्वी म्हणाली. "ती जात होती."

मग तिने एकेक चित्र पुन्हा फिरवायला सुरुवात केली. हा सरदार, याने बांधला. हा कुठे गेला, माहीत नाही. हा बिशप. हा व्यापारी. ही गवळण म्हणजे नन्स. कुठे गेल्या, माहीत नाही. तिचं मराठी अडखळत होतं, पण हॉलमध्ये कोणी हसलं नाही. रेखाताईंनी हळूच विचारलं, की सिंहासनावर कोण?

"आता कंपनी मालक आहे. कंपनी बसत नाही."

शेवटचं चित्र सगळ्यात लहान होतं. ते तिने रस्त्याच्या टोकाला, फळीच्या काठावर ठेवलं.

"ही मुलगी. ही मालक नव्हती, फक्त राहत होती. ती कुठे गेली ते मला माहीत आहे. नोव्हायला. तिला कोणी विचारलं नाही."

तिची माहिती संपली. टाळ्या कधी वाजवायच्या ते कोणाला कळेना.

देवांग पुढे आले.  त्यांनी शाळेच्या खोक्यात उरलेली दोन चित्रं घेतली, एक वाणी आणि एक बाई, आणि त्या लहान चित्राच्या दोन्ही बाजूंना ठेवायला गेले. काठावर जागा पुरेना. वाणी दोनदा पडला.

"जायचं तर आहे, उर्वी," ते म्हणाले. "पण मी विचारलं नाही, हे खरं आहे."

 उर्वीने त्या लहान मुलीला थोडं मागे सरकवलं, तेव्हा वाण्याला उभं राहता आलं.