पुतळीचे बोंबील आणि मी

मी छताचा पंखा बोलतोय. तीन पाती, लोखंडी अंग आणि मधे हंड्यासारखं पोट. माझा आवाज जरा घरघरीत आहे. पण चिखले गावातल्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं, तिथे हळू आवाजात कुणी बोलतच नाही. त्यामुळे तो कुणाला खटकला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. रंगाचा वास होता, आणि एका माणसाने मला फिरवून पाहून ‘पास’ म्हटलं होतं. आयुष्यात मी दिलेली ती एकच परीक्षा. पुढे डहाणू रोडच्या दुकानातून भिकू तांडेलाने मला घेतलं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. खोकं मांडीवर घेऊन तो रिक्षातून घरी आला आणि बायकोला, पुतळीला, म्हणाला, "बघ, तुझ्यासाठी वारा आणलाय."

पुतळीने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिकडे अख्खा समुद्र होता. "वाऱ्याचा तोटा होता काय आपल्याला?" ती म्हणाली. तरी तिने मला हळदकुंकू लावलं.

छताला लटकलं की माणसं नीट दिसतात, टकलासकट. माझं निरीक्षण असं, की माणूस खोलीतून बाहेर पडताना चप्पल घालतो, मोबाइल घेतो, खिसे चाचपतो, आरशात पाहतो. बटण मात्र त्याला दिसत नाही. ते दाराशेजारीच असतं, म्हणून असेल. पुतळीचा मुलगा जिग्नेश फ्रिज उघडून त्याच्यापुढे उभा राहतो आणि काय हवं होतं ते आठवत बसतो. तोवर फ्रिज बिचारा ओटीवरच्या उन्हाला गार करत असतो. टीव्ही तर कित्येक दुपारी एकट्या मांजरासाठी चालू असायचा. मांजर झोपलेलं असायचं.

पुढे भिकू आजारी पडला आणि गेला. त्यानंतर पुतळीने मला बंद करणंच सोडलं. खोलीत कुणी असो नसो, मी फिरत असायचो. सून हंसा बटणाकडे गेली की पुतळी म्हणायची, "राहू दे गो. पंखा फिरत असला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं." मला हे ऐकून बरं वाटायचं. रिकाम्या खोलीला वारा घालण्यात काही अर्थ नव्हता, पण तेवढं मानाचं काम मला दुसरं कुणी दिलं नव्हतं.

पुतळीचा धंदा सुक्या मासळीचा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर उन्हात टांगायची. कडक वाळले की टोपलीत भरून तलासरीच्या बाजारात न्यायचे. तिथे तिची बसायची जागा ठरलेली. अलीकडे तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा जिग्नेशने टुमणं लावलं, "आई, टोपली ठेव आता. घरात बस."

घरात बसणं म्हणजे काय, ते पुतळीने माझ्याकडे पाहून ओळखलं असावं. ती म्हणाली, "या खेपेचा माल सडला तर ठेवते. नाही सडला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

जिग्नेश हो म्हणाला. बोंबील अर्धवट वाळले होते, आणि भर हिवाळ्यात आभाळ भरून आलं.

दुपारी पाऊस कोसळला. आळीतल्या बायकांनी धावत धावत दोऱ्यांसकट बोंबील घरात ओढले. पुतळीने खिडकीपासून दारापर्यंत दोऱ्या बांधल्या आणि माझं रेग्युलेटर शेवटच्या आकड्यावर फिरवलं. माणसांना वारा घालायला जन्मलेला मी बोंबलांना वारा घालू लागलो. त्यांनी तक्रार केली नाही. वासाबद्दल मीही केली नाही.

अडचण अशी झाली, की आळीतल्या प्रत्येक घराने हेच केलं. शिवाय प्रत्येक घरात टीव्ही, फ्रिज, गिझर आणि पाण्याचा पंप आपापल्या जागी चालूच होते. शेजारच्या जमनाने तर विजेची शेगडी पेटवून वर बोंबलांची चाळण धरली. ते वाळले नाहीत, भाजले. संध्याकाळ होता होता दिवे पिवळे पडले. मी फिरतोय की नुसता मान वळवतोय, हे मलाही कळेना. मग नाक्यावरच्या विजेच्या डीपीत मोठ्ठा आवाज झाला आणि आळी काळोखात बुडाली.

सुनील वायरमन पावसात भिजत आला, फ्यूज टाकला आणि ओटीवर जमलेल्या बायकांना म्हणाला, "मावशी, एवढा लोड घेतलात तर हा पण उडेल. डीपीच जळाली तर नवीन कधी मिळेल ते मला नका विचारू." जाताना त्याची नजर माझ्यावर गेली. "हे धूड अजून चालवता? हा एकटा नव्या दोन पंख्यांची वीज खातो."

मला धूड म्हणालेला तो पहिला माणूस. मी घरघरत राहिलो. वीज आली की मला दुसरं काही येत नाही.

हंसा छत्री घेऊन घरोघर गेली. "गिझर बंद, पंप बंद, शेगडी बंद. फक्त बोंबलांवरचा पंखा."

"आणि माझी सिरीयल?" जमनाने विचारलं.

"सिरीयल उद्या परत लागते, भाबी. बोंबील परत लागत नाहीत."

जमनाने टीव्ही बंद केला, पण चेहरा असा केला की जणू घरात कुणी दगावलंय. एकेक घर करत आळी थंडावली. दिवे पुन्हा पांढरे झाले. त्या दिवशी मला कळलं, की आपण वाचवलेली वीज कुठे हवेत जात नाही. ती भिंतीपलीकडे शेजाऱ्याकडे जाते.

उरलो मी. हंसा म्हणाली, "आई, आमच्या खोलीतला नवा पंखा कमी खातो. बोंबील तिकडे टांगू. याला बंद करू."

"तांडेलाचा पंखा आहे तो," पुतळी म्हणाली. तिने एक बोंबील हातात घेऊन दाबला. मऊ होता. आणखी थोडा उशीर झाला तर वास फिरणार होता. ती बटणाजवळ गेली. मग म्हणाली, "तांडेल वारा चांगला असला की इंजिन बंद करून शीड लावायचा. फुकट डिझेल जाळणाऱ्याला होडीत घेत नसे. मीच इतकी वर्षं..."

तिने बटण बंद केलं. मी थोडा वेळ सवयीने फिरलो आणि थांबलो. मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त हलकं वाटलं.

बोंबील नवरा-बायकोच्या खोलीत गेले आणि नवरा-बायको ओटीवर. जिग्नेशने नुसतं उशी बदलून मिळेल का, विचारलं. पाऊस ओसरेपर्यंत डीपी शाबूत राहिली. ऊन पडल्यावर पुतळीने माल पुन्हा बाहेर टांगला आणि जिग्नेशला सांगितलं, "याला उतरव. याच्या जागी कमी खाणारा लाव."

आज सकाळी टेम्पोत एका बाजूला तिची टोपली होती, दुसऱ्या बाजूला मी. आता मी तलासरीच्या बाजारात भंगारवाल्यापुढे जमिनीवर पडलोय. इथून माणसांचे पाय दिसतात. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद रिकाम्या खोलीत फिरत असेल, तर त्याला थांबवा. त्याला अपमान वाटणार नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

पुतळी समोर तिच्या जागेवर बसली आहे. एका बाईने विचारलं, "कडक आहेत ना गं?"

"मोडून बघ," पुतळी म्हणाली.

बाईने बोंबील मोडला. कट् असा स्वच्छ आवाज आला. ही खेप मी थांबलो म्हणून वाळली होती. आता तिच्याभोवती गिऱ्हाइकं जमली आहेत आणि ती मला दिसत नाही. फक्त बोंबील मोडल्याचे आवाज येताहेत, एकामागून एक.